एक दिवस खाटेवर

आक्का, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. लढाईच्या धामधुमीत दिल्लीला एक कोर्स निघाला. परीक्षा पास झालेल्या नर्सनी पुढं दुसऱ्यांना शिकवायचं कसं आणि वॉर्ड चालवायचा कसा, एवढ्यासाठीच. बेळगावच्या आपल्या दवाखान्यातून मला पाठवलं. बेळगुंदीच्या शेतकऱ्याची मुलगी, आणि दिल्लीत! सर्टिफिकेट घेऊन आले, ते काचेत बसवून वर्गात टांगलंय. त्या सर्टिफिकेटाबद्दल तुमच्याजवळ एक कबूल करायचं आहे, म्हणून आज लिहायला बसले.

तिथं पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. एक गोऱ्या बाई फळ्यावर ड्युट्यांचा तक्ता आखत होत्या. रात्रपाळी कुणाला, सुट्टी कुणाला, नव्या मुलीबरोबर जुनी कोण. सगळ्याजणी भराभर उतरवून घेत होत्या आणि मी टाक हातात धरून बसलेली. मला तुमचं स्वयंपाकघर दिसत होतं, जिथं बसून तुम्ही आपल्या वॉर्डाच्या ड्युट्या लावायचात. रविवारची दुपार आहे, तुम्ही सुपात कडधान्य घेऊन बसला आहात. चवळी म्हणजे जुन्या नर्स, मूग म्हणजे आम्ही नव्या पोरी, आणि जमिनीवर आठवड्याचे सात ढीग. एखाद्या ढिगात नुसतेच मूग पडले की तुम्ही दुसरीकडची चवळी उचलून तिथं ठेवता. "सोमवार धरणारीला सोमवारची रात्र देऊ नगं गं, उपाशीपोटी हात थरथरतोय." मग सगळं एकत्र करून भिजत घालायचात आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच उसळ आम्हाला वाढायचात. आम्ही फिदीफिदी हसायचो, ड्युटी खाल्ली म्हणून. कागदावर एक रेघ न ओढता अख्खा आठवडा तुमच्या तोंडपाठ असायचा. आम्ही कुणाला हसत होतो ते दिल्लीच्या त्या फळ्यासमोर कळलं.

थर्मामीटरची गोष्ट तर तुम्हीही विसरला नसाल. मला येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. शहरातल्या एका वकिलांची सून आपल्याकडं बाळंत झाली होती. घर सोवळ्याचं. ती थर्मामीटर तोंडात घेईना. "सगळ्या वॉर्डाच्या तोंडातली उष्टी नळी, मला नको." आणि आक्का, मला ते पटलं! नळी औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवतात हे रोज बघत होते, तरी पटलं. कुणाचं उष्टं तोंडात घालायचं नाही हे आईनं लहानपणापासून बजावलेलं. म्हणून मी दोन दिवस तिचा ताप मोजलाच नाही, आदल्या दिवशीचा आकडा तसाच पुढं लिहीत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तिच्या खाटेपाशी थांबलात. तापाच्या तक्त्याकडं बघितलंही नाही, तिच्या तोंडाकडं बघितलंत. पालथा हात तिच्या गळ्याला लावलात, थर्मामीटर धुऊन पुसून तिच्या काखेत दिलात. "तोंडात नगं तर काखंत. एवढंच हुतं की गं." पारा एकशे चारावर गेला होता.

डॉक्टर आले आणि तक्ता बघून भडकले. हे आकडे कुणी लिहिले म्हणून ओरडले. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही पुढं झालात. "पोरीला मी नीट शिकवलं न्हाय, साहेब. चूक माझी हाय." माझं नाव निघालं असतं तर त्याच दिवशी माझी ट्रंक दाराबाहेर गेली असती. साऱ्या वॉर्डासमोर डॉक्टर तुम्हाला नाही नाही ते बोलले आणि तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. पुढं कितीतरी दिवस तुम्ही त्या बाईच्या उशाशी होता. ती वाचली, बाळाला घेऊन आपल्या पायांनी घरी गेली. ती दगावली असती तर मी काय केलं असतं?

मला तुम्ही रागावला नाहीत. फक्त म्हणालात, "उद्या तू पेशंट. उठायचं न्हाय, बोलायचं न्हाय. नुसतं बघ." सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी खाटेवर पडून होते. कुणी पाणी ठेवलं ते हात पोचणार नाही असं. दोघीजणी माझ्या अंगावरून एकमेकींशी गप्पा मारत चादर बदलून गेल्या. एक नाक मुरडत लघवीचं भांडं देऊन गेली. तक्ता मात्र सगळ्यांनी न चुकता भरला. संध्याकाळी तुम्ही आलात आणि विचारलंत, "काय दिसलं?" मी रडायलाच लागले. "कुणी माझ्याकडं बघितलंच न्हाय, आक्का." तुम्ही पदरानं माझे डोळे पुसलेत आणि जेवायला घेऊन गेलात. दिल्लीतल्या एवढ्या पुस्तकांत या तोडीचा धडा मला सापडला नाही.

तिथं शेवटी प्रत्येकीला परीक्षकांसमोर एक धडा घ्यायचा होता. मी वर्गात खाट मागवली, एका मुलीला तिच्यावर निजवलं, आणि बाकीच्यांना तिची शुश्रूषा करायला सांगितलं. मग तिला उठवून विचारलं, काय दिसलं? तीही तेच म्हणाली, कुणी माझ्याकडं बघितलंच नाही. त्या गोऱ्या बाई खुर्चीवरून उठून माझ्यापाशी आल्या, हात हातात घेतला आणि ही कल्पना कुणाची म्हणून विचारलं. मी म्हणाले, माझी.

तुमचं नाव घ्यायला कितीसा वेळ लागला असता? पण जीभ रेटली नाही. आता आपल्याकडं प्रत्येक नव्या मुलीला एक दिवस खाटेवर काढावा लागतो, तसा नियमच मी केलाय. हे पत्र काही पोस्टात पडायचं नाही, वहीतच राहील, म्हणून हेही लिहून टाकते. काल एक पोर दिवसभर पडून उठली, तुमच्या संकेश्वरचीच आहे. डोळे पुसत म्हणाली, "बाई, लई मोठं शिकून आलायसा तुमी. ह्ये दिल्लीतच शिकवलं न्हवं?" मी व्हय म्हणाले.