सातव्या पानाची तळटीप

बोळिंज, विरार (पश्चिम)
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

चि. सुजय यास,

ताईचे आशीर्वाद. तुझ्या सीमाची कंबर आता बरी असावी. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. दोनदा तपासले आहे. उत्तरही तसेच अपेक्षित आहे.

बातमी अशी की मी मोटार घेतली. ऑटोमॅटिक. हसू नकोस.

तीन आठवडे अभ्यास केला, तक्ता मांडला. मधले मॉडेल ऑटोमॅटिक, टॉप मॉडेलही ऑटोमॅटिक. म्हणजे फरक उरला तो छतातल्या खिडकीचा आणि चामडी आसनांचा. असले चोचले मला नकोत. मधले नक्की करून शोरूममधल्या ऋतिका नावाच्या मुलीला तसे बजावले. ती म्हणाली, "मॅडम, आधी दोन्ही चालवून बघा ना. उड्डाणपुलावर."

चढावर मधल्या मॉडेलने प्रत्येक गिअर बदलताना मान डोलावली, आणि थांबून निघताना ते किंचित मागेही आले. टॉप मॉडेल मात्र तोच चढ न अडखळता चढले.

"पहिली गाडी बिघडलेली आहे," मी निर्णय दिला.

"नाही मॅडम. तिच्यात क्लच आहेच, फक्त तुमच्याऐवजी यंत्र दाबतं. टॉपमध्ये गिअरच्या पायऱ्याच नाहीत, पट्टा सरकत जातो. ब्रोशरमध्ये दिलंय. सातवं पान, खाली, बारीक अक्षरात."

होते. चौतीस वर्षे मी गणिताच्या वर्गात तळटीप न वाचणाऱ्यांचे गुण कापले, सुजय! त्या पोरीसमोर म्हटले, "माझी चूक झाली." आश्चर्य म्हणजे आभाळ कोसळले नाही. तिने चहा मागवला, आणि मी टॉप मॉडेल घेतले.

त्या वाक्याची सवय सुटण्याआधी ते आणखी एकदा वापरते.

फेब्रुवारीत तुमच्या निर्मळच्या वाडीत तुझी गाडी माझ्या हातून राजेळी केळींत घुसली. क्लच घसरतो, असे मी साऱ्या नातलगांना सांगितले. तू ओरडलास, "ताई, गाडी आहे ही, गणित नाही!" आणि मी वाडीत पाऊल टाकणे सोडले. तू बिचाऱ्याने दोन गॅरेजांत क्लच उघडून पाहिलास.

क्लच निर्दोष होता. मागचा समजून मी पहिला गिअर टाकला होता, आणि ते मला त्याच क्षणी कळले होते. आडव्या झालेल्या त्या घडांची सीमा वाळवून सुकेळी करणार होती, हेही ठाऊक होते.

पुढच्या रविवारी अकरा वाजता येते आहे. फाटक सताड उघडे ठेव; केळींच्या बाजूला कोणी उभे राहू नये. फाटक बंद दिसले तर बाहेरूनच परत फिरेन, रागावणार नाही. उघडे असेल तर परत निघताना वाडीतून गाडी मागे घ्यावी लागेल. तेव्हा शेजारी बसशील?

चुकलेली, आणि तरीही तुझी थोरली,
प्रेमलताताई