गल्लीत उरलेली अक्का

सर, मी आता राहते ती जळगावातली इमारत जिथं उभी आहे, तिथं आपण दोघं एकदा शेताच्या बांधावरून चाललो होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चहूकडे कपाशी, आणि मधूनच नव्या प्लॉटांचे दगड रोवलेले. मी तुमची संशोधक विद्यार्थिनी. विषय होता जळगावची झपाट्यानं होणारी वाढ आणि धुळ्याच्या पश्चिमेची मागे पडलेली गावं. मी नव्या कॉलन्यांत घरोघर विचारत फिरले, कुठून आलात? कुणी पहूरचं, कुणी चाळीसगावचं. मग धुळ्याला तुमच्या कॉलेजात प्रबंधाचं पहिलं प्रकरण दाखवलं, तर तुम्ही कागद बाजूला सारलेत. "आले त्यांना विचारलंस. मागे राहिले त्यांना कोण विचारणार?" मला रागच आला होता.

पुढच्या रविवारी तुम्ही मला एसटीनं साक्रीकडच्या तुमच्या गावी नेलंत. तुमच्या गल्लीत दारोदार कुलपं. एकाच ओट्यावर तुमची थोरली चुलत बहीण शेंगा फोडत बसलेली. तुम्ही अक्का म्हणून पाया पडलात. मी विचारलं, गावातून कोण कोण गेलं?

"बठ्ठा गयात, माय," त्या अहिराणीत म्हणाल्या, सगळेच गेले. "गल्लीमा आते मी एकलीच शे." मग तुमच्याकडे न बघता, पण तुमच्याचबद्दल, "हाऊ बी गया."

चहा झाल्यावर तुम्ही कप स्वतः विसळलेत. परतीच्या एसटीची वाट बघताना म्हणालात, "हे लिही."

"तुमच्याबद्दलही?"

"माझ्याबद्दलही. गेलेल्यांत मी आहेच की."

मी लिहिलं. पण तोंडी परीक्षेआधीच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात, हृदयविकारानं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, हे प्रकरण भावनिक आहे, काढून टाका. माझ्या बाजूनं बोलायला त्या खोलीत कोणी नव्हतं. मी म्हणाले, "ते राहील." पदवी लांबली, प्रकरण राहिलं. बाहेर आल्यावर ते सांगायलाही कोणी नव्हतं. स्टँडवर एकटीनं चहा घेतला आणि घरी गेले.

आता माझी मुलं पुण्याला असतात. या इमारतीत माणसं पुष्कळ आहेत, जिन्यात हसतात, दारं लावून घेतात. अहिराणीत दोन शब्द बोलावेत असं कोणी नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. मघाशी शेजारच्या वहिनी दारातून डोकावल्या, काय लिहिताय म्हणाल्या. मी म्हणाले, उत्तरपत्रिका तपासतेय. मला कॉलेजातून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झालीत, सर. त्यांना ते माहीत नाही.