आलेखातून पुसलेलं शिखर

प्रिय नसरीन,

गेल्या आठवड्यात सरांनी लॅबमध्ये पेढे वाटले. आपला पेपर छापून आला. लेखकांत तुझं नाव आहे, खाली ‘दिवंगत नसरीनच्या स्मृतीस’ अशी ओळही आहे. मी पेढा तसाच ठेवून आलेख बघितला. तुझं ते बारीक शिखर त्यात नाही. म्हणून लिहितेय.

झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांत आपण युरोपियम घालत होतो. थोडं घातलं तेव्हा स्फटिकाची जाळी ताणली गेली, कण आणखी बारीक झाले. यूव्ही दिव्याखाली पावडर लाल उजळली, तशी तू मला ओढतच नेलंस. “मनी, देख तो!”

मग युरोपियम वाढवलं आणि एक्स-रेच्या आलेखात एक जादा शिखर आलं. सर म्हणाले, “नॉइज आहे. काढून टाक.”

तू शांतपणे म्हणालीस, “नाही सर. युरोपियमचा आयन मोठा आहे. जाळीत मावेना, म्हणून बाहेर वेगळं ऑक्साइड होऊन साचलंय. लाल उजेड त्याचाही असेल.”

त्यानंतर तेच नमुने तुला पुन्हा पुन्हा करायला लावले. शिखर दरवेळी आलं. तू ताप अंगावर काढत भट्टीपाशी उभी. डेंग्यू होता गं तो! मला एका शब्दानं का नाही सांगितलंस? इथं शेजारच्या टेबलाशी तर बसत होते मी. हा राग अजून जात नाही.

तू गेल्यावर ते नमुने मी स्वतः केले. शिखर आलंच. पेपर आल्यावर ते सरांसमोर ठेवलं, तर म्हणाले, “तुझी पीएच.डी. व्हायचीय अजून.”

आज उस्मानपुऱ्यात तुझ्या घरी गेले. सरांनी पेपरचं पहिलं पान आधीच पोचवलं होतं. अम्मींनी ते फ्रेम करून लावलंय. मी सगळं सांगितलं. त्यांनी ओढणीनं फ्रेमची काच पुसली. मग म्हणाल्या, “रहने दे बेटी. उसका इतना तो नाम हुआ.”

पण जे शिखर पुसायला तू जिवंतपणी नाही म्हणालीस, ते पुसलेल्या आलेखावरच तुझं नाव घालून सर मोकळे झाले. मेलेल्या माणसाला विचारावं लागत नाही, एवढं त्यांना पुरलं.

दोन्ही आलेख, तुझा आणि माझा, मी पेपर छापणाऱ्या नियतकालिकाकडे पाठवणार आहे. छापतील का, माहीत नाही. पीएच.डी. राहिली तर राहिली. पाठवण्याआधी अम्मींना मात्र समोर बसून सांगेन, मग त्यांनी मला पुन्हा दारात उभं केलं नाही तरी.

तुझी,
मनीषा