तारांची शिस्त

४ ऑगस्ट

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या सांगण्याबरहुकूम आबांच्या मोटारीवर शस्त्रक्रिया केली. इंजिन चालू ठेवून, रबरी हातमोजा घालून, प्लगची एकेक तार काढून पाहिली. तिसरी काढल्यावर आवाजात काडीचाही फरक पडला नाही. म्हणजे तोच प्लग आळशी. त्याला घासूनपुसून, फट करवतीच्या जुन्या पात्याच्या जाडीइतकी ठेवून परत बसवला. इथवर तुझा भाऊ शहाणा.

आता मात्र मोटार सुरूच होत नाही. किल्ली फिरवली की मागून बार उडतात. शेजारचे निवृत्त हवालदार दोनदा बाहेर धावले. तारा तर मी पूर्वीपेक्षा नीट लावल्यात. आधी एकमेकींना ओलांडून कशाही जात होत्या. आता एक, दोन, तीन, चार, वर्गात मुलं बसवावीत तशा.

तुझ्या वहिनीने बारा तारखेच्या रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. चालती मोटार ठेवीन, अंगणात पुतळा नको, असं तिचं म्हणणं. आबांची एवढीच वस्तू उरलीय गं.

तुझा लोभ आहेच. तूर्त थोडी अक्कलही पाठव.

तुझा,
दादा

८ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले, की ह्यांना वाटलं ठसका लागला. अरे, दिसेल ते ओळीत लावायची तुझी खोड! आबांनी त्या तारा मुद्दामच तशा लावल्या होत्या. आपलं इंजिन एक, तीन, चार, दोन असंच पेटतं.

पहिल्या प्लगची तार आहे तिथेच राहू दे. प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखालचा तुकडा ज्या दिशेने फिरतो, त्या दिशेने पुढे तिसऱ्याची लाव, मग चौथ्याची, शेवटी दुसऱ्याची. शाळेत शिकवतोस ते व्याकरण इथे आठवू नकोस.

लोभ असावा, हात मोज्यात असावा.

तुझी,
चिमणी

१२ ऑगस्ट

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. पण तो तुकडा डावीकडे फिरतो की उजवीकडे, यावर हवालदारांशी माझा शास्त्रार्थ रंगला आणि शेवटची तार बसवेपर्यंत आज भंगारवाला फाटकाशी येऊन ठेपला. किल्ली फिरवली. एक आचका, आणि इंजिन आबांच्या वेळेसारखं गुरगुरायला लागलं! माझे डोळे भरून आले. धुरामुळे, असं मी सर्वांना सांगितलं.

तुझी वहिनी पुढच्या सीटवर येऊन बसली आणि कुठे नेणार आहात की नुसताच आवाज ऐकवणार, असं विचारती झाली. गावाला वळसा घालून आलो.

भंगारवाल्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून तिने त्याला माझी सायकल देऊन टाकली. उद्यापासून शाळेत मोटारीनेच जायचंय.

तेव्हा चढावर बंद पडली तर काय करायचं, ते उलटटपाली कळव.

तुझा,
दादा