फरशीखालचं ऊन पाणी

मोतीराम,

सकाळच्या एस.टी.नं बीबीले तुझ्या बहिणीकडे चाललो, तुझ्या आईले आणाले. थंडीत आपल्या घरातल्या गार जमिनीनं तिचे गुडघे धरतात म्हणून ती लेकीकडे जाऊन बसली, अन् उन्हाळ्याशिवाय येत नाही म्हणते. आता येईल.

तू कापसाच्या जिनात कामाले गेल्यावर मी अनवाणी तुझ्या खोलीत गेलो. बंबातलं ऊन पाणी फरशीखालच्या नळ्यांतून फिरत होतं अन् फरशी सगळीकडून कोमट लागत होती. पहिले तू नळ्यांवर सागाच्या फळ्या ठोकल्या, तवा बंब कितीही पेटवला तरी वर ऊब येत नव्हती. गाव हसलं. शेजारचा कडूबा तर म्हणे, "वामनराव, पोरगं पाण्यानं घर शेकून राह्यलं काय बे?" तू परत कामाले लागला. फळ्या उपसल्या, खाली कोरड्या राखेचा थर दिला म्हणून ऊब जमिनीत मुरत नाही. नळ्या चुन्यात घट्ट बसवल्या, पोकळी ठेवली नाही, अन् वर दगडी फरशी घातली. लाकडानं अडवलेली ऊब दगडानं वर आणली.

कडूबाले मी आत नेऊन उभं केलं. त्यानं वाकून फरशीवर तळहात टेकवला.

घरी आला की बंबात लाकडं घाल. फरशीवर सतरंजी अंथरू नको, ऊब खालीच राहते.

मी तिले फरशीचं काही सांगणार नाही, मोतीरामनं बोलावलं एवढंच म्हणीन. ती आत पाऊल टाकील तवा तू समोर राह्य. मले तुम्हा दोघांचं तोंड पाह्याचं आहे.

— बाबा