बंदरावर मळीचा वास

शनिवार, संध्याकाळ. लौटोका बंदर, फिजी.

बोट धक्क्याला लागली आणि आधी आला तो मळीचा वास. थेट आमच्या गावचा, कसबा बावड्यातल्या साखर कारखान्याचा. इथंही बंदराला लागूनच साखर कारखाना आहे. एवढा पॅसिफिक कापत यायचं आणि नाकात काय, तर हेच?

दमलेय. शीड शिवून शिवून बोटं सोललीत, अंथरूण अजून ओलंच. बोटीवरच्या बाकीच्या तिघी गावात जेवायला गेल्या. मी डोकं दुखतंय म्हणून मागं राहिले. खरं तर ठरवलं होतं, आज आईला सांगून टाकायचं की बास झालं, पुढं जात नाही, इथूनच विमानानं घरी येते. मग कॅप्टनला.

फोन लावला. तिच्या दुपारच्या भाकऱ्या चालल्या होत्या. एकदम कसं बोलायचं, म्हणून आधी वासाचं सांगितलं.

"व्हय? तितंबी मळीचा वास?" आई हसायलाच लागली. "मग खिडकी लावून घे की! आन् नीट झोप. उद्या निघायचंय न्हवं?"

घरी गळीत सुरू झालं की रोज संध्याकाळी ती अशीच ओरडते. खिडकी लावा की!

मी "व्हय" म्हणाले. का म्हणाले? तोंडातून गेलंच. विमानाचं सांगायचं राहूनच गेलं.

बोटीला कुठली खिडकी. डोक्यावर एक झाकण आहे, ते ओढून घेतलं. बावड्यात सगळ्या खिडक्या लावल्या तरी वास यायचाच.

इथंही येतोय. येऊ दे.