इन्स्पेक्टरच्या भूमिकेसाठी योग्य उमेदवार

३ नोव्हेंबर, सोमवार
शनिवारच्या क्राइम मालिकेचं शूटिंग संगमनेरात होणार. बातमी पक्की. केदार नावाचा प्रॉडक्शन मॅनेजर आमच्या कॉलेजची जुनी इमारत मागायला आला होता. अर्ज अर्थातच माझ्या टेबलावर. आवक क्रमांक ४१२. शिक्का मारता मारता सहज सांगितलं की अकरा वर्षांत मी एकही भाग चुकवलेला नाही आणि खुनी मला पहिल्या ब्रेकच्या आत कळतो. तो बघतच राहिला. मग म्हणाला, लोकल आर्टिस्ट लागतील, एखादा फोटो पाठवून ठेवा.
थोडक्यात, इन्स्पेक्टर.
संकल्प: मिशी वाढवणे. पोट, जमेल तेवढं, कमी करणे. काम होईपर्यंत कोणाला काही न सांगणे.

४ नोव्हेंबर
कानिफनाथला सांगितलं. आमच्या ऑफिसचा शिपाई, वीस वर्षांपासूनचा सोबतीचा माणूस, त्याला परका कसं म्हणायचं? तो म्हणाला, लई भारी काम झालं साहेब, पन तुमाला पळता येतंय का? इन्स्पेक्टर पळत नाही, मागे हात बांधून उभा राहतो, हे त्याला समजावलं.
राजूरच्या आत्यालाही फोन केला. ती घरचीच.
नीलांबरीचं म्हणणं, मी दर भागात चार जणांना खुनी ठरवतो, त्यातला एक निघणारच. बायकोला तपासाची पद्धत समजावून सांगणं अवघड असतं.

५ नोव्हेंबर
कँटीनमध्ये सगळे मला इन्स्पेक्टर म्हणायला लागले. प्राचार्यसुद्धा. बातमी फुटली कशी? संशय कँटीनवाल्यावर.

८ नोव्हेंबर, शनिवार
मनवाने फोटो काढले. एकूण चौतीस. ती सारखी म्हणत होती, बाबा, थोडं हसा ना. गुन्हेगारी वाढलेली असताना इन्स्पेक्टर हसेल कसा? पांढरा शर्ट घालून गंभीर चेहऱ्याचा एक निवडला आणि पाठवला. मिशी अजून नीट दिसत नाही. वरच्या ओठावर काही सांडल्यासारखं वाटतं.

११ नोव्हेंबर
केदारचा फोन. इन्स्पेक्टर मुंबईहूनच येतोय. अकरा वर्षं तोच येतो. त्याला बदलायची वेळ झाली आहे, पण ते मी बोललो नाही. मला हवालदार.
विचार केला तर हवालदारच खरा. सगळे धागेदोरे तोच आणून देतो. शिवाय पोटाचा संकल्प मागे घेता येईल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
हवालदाराचा गणवेश एकच आहे आणि तो माझ्या अंगाला बसला नाही. दोघांनी ओढून पाहिलं, एक बटण उडालं. कानिफनाथ पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभा होता. गंमत म्हणून त्याला घालून पाहिला. शिंप्याने माप घेऊन शिवल्यासारखा बसला.
मला मयताचा रोल. केदार म्हणाला, सर, सगळी स्टोरी तुमच्याभोवतीच फिरते. हे खरंच आहे. खून झाला नाही तर इन्स्पेक्टर काय करणार? घरी सांगताना 'मध्यवर्ती भूमिका' असं सांगितलं.

१४ नोव्हेंबर
प्रवरेच्या काठावर सकाळी नऊपासून पडून होतो. आयत्या वेळी अंगावर चादर टाकायचं ठरलं, फक्त पाय बाहेर. पायांनीही अभिनय करता येतो. पण मुंग्या होत्या, आणि माणूस श्वास घेणारच. सहा टेक झाले. जेवणानंतर माझ्या जागी कॉलेजच्या गेस्टरूममधला लोड ठेवला. दिग्दर्शक म्हणाला म्हणे, लोड समजूतदार आहे.
कानिफनाथने पहिल्याच टेकला 'साहेब, बॉडी सापडली' म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, चादरीखालून बाहेर येऊन.
केदारने शब्द दिला आहे, फोटो नक्की वापरणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार
वापरला! बसस्टँडजवळच्या चौकात माझा फ्लेक्स. दहा बाय आठ. वर मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'कै. अण्णा' एवढंच मोघम नाव आणि 'शोकाकुल: समस्त मित्रमंडळ'. आपल्याकडे कोणाकोणाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. बावन्न वर्षांत माझा हा पहिलाच. फोटो अतिशय सुंदर आला आहे. समोरच्या टपरीवर बसून तीन चहा घेतले.
चार वाजता शूटिंग संपलं, मंडळी नाशिककडे गेली. फ्लेक्स तिथेच. टपरीवाल्याने विचारलं, काढू का? म्हटलं, असू दे दोन दिवस. लोकांनी बघायला नको?

१६ नोव्हेंबर, रविवार
लोकांनी बघितला.
सकाळी सव्वासातला दारात आत्या. रात्री कोणीतरी फोनवर पाठवलेला फ्लेक्सचा फोटो बघून पहिल्या एसटीने राजूरहून आलेली, रस्त्यापासूनच रडत. दार मी उघडलं. ती किंचाळली, मग खाली बसली, मग चिडली. म्हणाली, जिवंत होतास तर तसा फोन करायचा. मागोमाग शेजारच्या जयाताई पिठलं-भात घेऊन आल्या. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. परत कसा पाठवायचा? आम्ही खाल्ला. पिठलं छान झालं होतं. आत्याने दोनदा घेतलं.
कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नऊपर्यंत एकसष्ट श्रद्धांजल्या. सगळ्या वाचल्या. साठ जणांनी वरच्याचीच कॉपी केली होती. एकसष्टाव्याने स्वतः लिहिलं होतं: 'सरांचा शिक्का नेहमी सरळ असायचा.'
मी लिहिलं, 'मी जिवंत आहे. सुमंत.' दोन अंगठे आले. त्याखाली पुन्हा सात श्रद्धांजल्या.
खूप वाईट वाटलं. नीलांबरीला दाखवलं. ती आधी हसली. मग माझ्याकडे बघून थांबली आणि फोन बंद करून ठेवला.

१७ नोव्हेंबर, सोमवार
वाटेत जो तो थांबवून हात लावून बघत होता, म्हणून कॉलेजात पोचायला उशीर झाला. मैदानावर सगळे माना खाली घालून उभे. मौन चाललेलं. मागच्या रांगेत मीही उभा राहिलो. कोण गेलं ते विचारता येईना. शेजारच्या कानिफनाथने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. मौन संपल्यावर म्हणाला, साहेब, मधेच कसं सांगू, तुमच्यासाठीच हुतं.
प्राचार्यांनी ओशाळून हात मिळवला. अर्ध्या दिवसाची सुट्टी मात्र जाहीर झाली होती आणि पोरं गेटाबाहेर पडली होती. ती परत बोलावता येत नाहीत, असं ते मला समजावत होते. जणू मी मागितली होती.

१८ नोव्हेंबर
टपरीवाल्याकडून फ्लेक्स काढवून घेतला. त्याने तो टपरीवर ताडपत्री म्हणून घातला, चेहरा आतल्या बाजूला.
प्रॉडक्शन कंपनीला कडक पत्र लिहिलं. 'अर्जदाराच्या मयत स्थितीतील छायाचित्रामुळे अर्जदारास व कुटुंबीयांस तीव्र मनस्ताप झाला असून, सदर बाबतीत योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती.' प्रत चॅनेलला, माहितीस्तव. नोकरीतला सर्वोत्तम ड्राफ्ट. आता ते दिलगिरी व्यक्त करतील. पुढच्या वेळी भरपाई म्हणून इन्स्पेक्टरही देतील.

७ डिसेंबर, रविवार
काल संध्याकाळी मालिका लागली. हॉलमध्ये तेवीस माणसं. प्राचार्य सोफ्यावर, आत्या खुर्चीत, कानिफनाथ नवा शर्ट घालून दाराशी. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, नदीवर पाय, मग चौकात चेहरा.
नदीवर लोड होता. कानिफनाथ क्लोजअपमध्ये आला, खोली दणाणली. मग चौक आला, फ्लेक्स आला. दहा बाय आठ. आणि माझ्या चेहऱ्याच्या जागी धुक्याचा गोळा.
आत्या म्हणाली, तोंड का पुसलंय? गुन्हेगारांचं पुसतात ना असं?
मनवाने माझा फोन उघडला. चॅनेलचा मेल दुपारीच आला होता. तिने मोठ्याने वाचला: 'आपल्या विनंती अर्जास अनुसरून योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे.'
अठ्ठावीस वर्षं मी हेच वाक्य लोकांना पाठवत आलो. ते ज्याला मिळतं त्याचं पुढे काय होतं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.
मग दाराशी कानिफनाथ उभा राहिला. म्हणाला, ते साहेबच हायेत. म्या सोता बघितलाय तो फ्लेक्स, साहेबांचाच फोटू हुता. शपथ घेतो.
सगळ्यांनी टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
आत्या म्हणाली, असेल.